माळावर संध्याकाळचे शिकारी पक्षी: नक्की कधीपर्यंत थांबायचं?

उनाड_पारवा

मंडळी, एक भाबडा प्रश्न.

रविवारी आम्ही चौघं (मी, बायको, लेक आणि मेहुणा) दुर्बीण घेऊन माळावर गेलो होतो. 'हिवाळ्यात संध्याकाळी शिकारी पक्षी भरपूर दिसतात' असं कुणीतरी सांगितलं होतं. साडेतीनला पोचलो. साडेतीन ते सहा एवढ्या वेळातली कमाई: तीन घारी, तारेवर पाठमोरी बसलेली एक खरुची (छोटा ससाणा) आणि एक भलामोठा गरुड. त्या गरुडाकडे आम्ही चाळीस मिनिटं बघत होतो. मेहुण्याने वहीत 'सुपर्ण, १' अशी नोंदही केली. मग वारा सुटला आणि गरुड जागच्या जागी फडफडला. बाभळीत अडकलेलं काळं प्लास्टिक निघालं.

सूर्य टेकला, थंडी वाजायला लागली, गाडीत बसलो. गाडी वळवताना लेक मागच्या काचेतून म्हणाली, "बाबा, ते काय चाललंय?" गवताच्या शेंड्यांना घासून, लांब पंखांचं काहीतरी तरंगत गेलं. पंख हलल्यासारखेही वाटले नाहीत. मागोमाग दुसरं. मग गवतात कुठेतरी दोन्ही दिसेनाशी झाली.

ते काय होतं? आणि आम्ही चुकीच्या वेळी गेलो होतो, की चुकीच्या वेळी निघालो?

टिटवी

चुकीच्या वेळी निघालात. :)

दोन_फुल्या

तुमचा गरुड म्हणजे पॉलिथिनस इंडिकस. बारमाही आहे, स्थलांतर करत नाही, घरटं कायम बाभळीवर. माझ्या यादीत याची दोनशेवर नोंद आहे.

माळावरची

पारवा, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा होता का? आणि तरंगताना पंख सपाट होते की वर उचललेले?

उनाड_पारवा

लेकीला विचारलं. तिने कागदावर काढूनच दाखवलं. पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले, रंग तपकिरी, आणि पाठीवर शेपटीच्या जरा वर पांढरं. "जसं काही कुणी खडू पुसलाय" असं म्हणाली.

माळावरची

मग भोवत्या (इंग्रजीत हॅरियर). तपकिरी आणि कमरेवर पांढरा पट्टा म्हणजे मादी किंवा पहिल्या वर्षाचं पिल्लू. माँटेग्यूचा भोवत्या असेल नाही तर पांढुरका. या दोघांच्या माद्या अंधूक उजेडात वेगळ्या ओळखणारा माणूस भेटला तर मला जरूर सांगा, मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. नर सोपे. दोघेही राखी, पण माँटेग्यूच्या नराच्या पंखावर मधोमध एक काळी रेघ असते, आणि पांढुरक्याच्या पंखाचं फक्त टोक काळं, पाचरीसारखं.

हे पाहुणे आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात, मार्च-एप्रिलमध्ये परत. प्रजननाला कझाकस्तान, रशियाकडच्या गवताळ मैदानांत जातात. आणि तुम्ही जे बघितलं ते शिकार नव्हती. ते झोपायला आले होते. भोवत्या झाडावर झोपत नाही, जमिनीवर झोपतो, उंच गवतात, आणि एकटा नाही तर घोळक्याने. त्याला रातथारा म्हणतात. दिवसभर दहा दिशांना विखुरलेले पक्षी सूर्य मावळायच्या आगेमागे एकाच गवताच्या तुकड्यावर जमतात. तुम्ही गाडी वळवलीत तिथे कार्यक्रमाची घंटा झाली होती.

निशाचर

माळावरचीला +१. वेळेबद्दल थोडं.

गरुड, गिधाडं, मोठ्या घारी यांना तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी गरम हवा लागते. फुकटची लिफ्ट. ऊन कललं की लिफ्ट बंद, म्हणून चार-साडेचारनंतर ही मंडळी झाडावर किंवा कड्यावर जाऊन बसतात. म्हणजे तुम्ही साडेतीनला पोचलात तेव्हा मोठ्यांची पाळी संपत आली होती आणि दुसरी पाळी सुरू व्हायला दोन तास होते. बरोबर मधल्या सुट्टीत गेलात.

दुसऱ्या पाळीत ज्यांना या लिफ्टची गरज नाही असे पक्षी. भोवत्या वजनाला हलका, माँटेग्यूचा नर पाव किलोच्या आसपास आणि पंखांचा पसारा मात्र मीटरभराहून जास्त. तो मंद वाऱ्यावरही तरंगतो. कापशी घार तर संधिप्रकाशाचीच राणी. आणि अगदी शेवटी घुबडं.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाशात उजेड असतो. तीच वेळ. पावणेपाचला जाऊन बसा, साडेसहाच्या आत उठू नका.

खडूस

संध्याकाळचं हे प्रकरण नेहमीच फुगवून सांगतात. मी पंधरा वर्षं हिंडतोय. शिकारी पक्षी बघायची खरी वेळ सकाळी नऊ ते अकरा. हवा तापायला लागते, गरुड एकेक करून वर चढतात, उजेड भरपूर, ओळख पक्की. संध्याकाळी काय दिसतं? सावल्या. मग घरी येऊन 'बहुतेक माँटेग्यू' असं लिहायचं. पारव्यासारख्या नवख्याला तर सकाळच बरी. निदान प्लास्टिक तरी ओळखू येईल.

माळावरची

खडूसकाका, ओळख पटवायला सकाळ बरी हे कबूल. पण सगळंच यादीसाठी बघायचं असतं का? रातथारा बघताना मी ओळखायच्या फंदात पडतच नाही.

पहिला पक्षी येतो तेव्हा कळतसुद्धा नाही. गवतावरून खाली खाली येतो, उतरेल असं वाटतं, पाय खाली सोडतो, आणि शेवटच्या क्षणी पुन्हा वर. असं चार-पाच वेळा. मग दुसरा येतो, त्याला बघून पहिला उठतो. थोड्या वेळाने पंधरा-वीस पक्षी त्याच तुकड्यावर गोल गोल फिरत असतात, एकमेकांना न धडकता, एक शब्द न बोलता. एवढे शिकारी एकत्र आणि भांडण नाही, हे मला अजून पचत नाही. तपकिरी माद्या गवतात विरघळून आधी दिसेनाशा होतात. राखी नर मात्र शेवटपर्यंत दिसतात, विझलेल्या शेकोटीतून राख उडावी तसे. आणि मग कुणीतरी बटण दाबल्यासारखं सगळं बसतं. समोर नुसतं गवत. त्यात दोन डझन पक्षी आहेत यावर शेजारून जाणाऱ्याचा विश्वास बसणार नाही.

गुजरातेत भावनगरजवळ वेळावदरच्या काळवीट उद्यानात जगातल्या सर्वांत मोठ्या रातथाऱ्यांपैकी एक आहे, तिथे शेकड्यांनी येतात. पण माझ्या मते वीस पक्ष्यांचाही पुरतो.

अर्धवटराव

प्रश्न: माझ्याकडे १० बाय ४२ दुर्बीण आहे. संध्याकाळी सगळं काळंकुट्ट दिसतं. दुर्बीण खराब की डोळे?

निशाचर

दोन्ही ठीक असतील. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसतं, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागा. ४२ भागिले १० म्हणजे ४.२. एवढ्या मिलिमीटर रुंदीचा उजेडाचा झोत डोळ्यात जातो. ८ बाय ४२ घेतलीत तर ५.२५. दिवसा फरक कळत नाही, कारण बाहुलीच आकसलेली असते. अंधार पडताना बाहुली मोठी होते आणि तिथे हा एक मिलिमीटर उपयोगी पडतो. शिवाय ८ची दुर्बीण हातात कमी हलते आणि दृश्य रुंद दिसतं. गवतावरून धावणारा पक्षी १०मध्ये पकडेपर्यंत तो पुढच्या तालुक्यात गेलेला असतो.

अर्धवटराव

म्हणजे खर्च आलाच. हे बायकोला तुम्ही समजावा.

गव्हाणी

वाचतेय. आमच्याकडचा अनुभव सांगते, भोवत्याचा नाही, कापशीचा. शेताच्या बांधावर विजेच्या खांबापाशी रोज यायची. पांढरी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक, एरवी कबुतराएवढी साधी. पण हवेत थांबली की बघत राहावं. एका जागी पंख मारत उभी, मग दोन मजले खाली, पुन्हा उभी, आणखी एक मजला खाली, पाय लोंबकळतायत, आणि मग पंख डोक्यावर जोडून धप्प. दहातले सात वेळा रिकाम्या पायांनी वर यायची आणि खांबावर बसून शेपटी खालीवर करायची. चिडल्यासारखी. मला ती सात वेळाच जास्त आवडायची.

दोन_फुल्या

ते शेपटीचं मी ऑफिसात करतो.

चित्रगुप्त_जोशीबुवा

खरुचीही अशीच हवेत थांबते ना? तिच्याबद्दल वाचलं होतं की उंदराच्या मुताची रेघ तिला अतिनील प्रकाशात चमकताना दिसते, म्हणून वरून उंदरांच्या वाटा कळतात. निसर्गाची काय किमया!

खडूस

किमया थोडी थांबवा. १९९५ साली फिनलंडच्या संशोधकांनी ते मांडलं होतं आणि मग प्रत्येक माहितीपटाने उचललं. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या लोकांनी शिकारी पक्ष्यांचे डोळे तपासले तर बराचसा अतिनील प्रकाश डोळ्यातच अडतो, आतल्या पडद्यापर्यंत फारसा पोचत नाही असं दिसलं. शिवाय उंदराचं मूत त्या प्रकाशात जमिनीपेक्षा फार वेगळंही दिसत नाही. खरुची हलणारं गवत बघते, आणि तेवढं पुरतं.

चित्रगुप्त_जोशीबुवा

अरेरे. मी हे नातवाला तीनदा सांगितलंय.

माळावरची

बुवा, नातवाला त्याऐवजी हे सांगा. खरुची हवेत थांबलेली असताना तिच्या डोक्याकडे बघायचं. पंख फडफडतायत, शेपटी पंख्यासारखी उघडतेय मिटतेय, अंग वाऱ्याने डुलतंय, आणि डोकं मात्र भिंतीत खिळा मारल्यासारखं स्थिर. आणि भोवत्याचा चेहरा जवळून बघितला तर घुबडासारखी तबकडी दिसेल. तोही कानांनी शिकार करतो. गवतात कुरकुर झाली की उडता उडता जागच्या जागी गिरकी घेऊन खाली पडतो. हे मूताहून भारी आहे की नाही?

क्लिकक्लिक

छान चर्चा. पारवा, जागा कुठली ते नकाशावरची खूण टाका ना. या शनिवारी आम्ही दोन गाड्या घेऊन जातोय. संध्याकाळचा उजेड मागून आला तर एक नंबर फोटो मिळतील.

टिटवी

पारवा, जागा टाकू नका.

निशाचर

टाकू नका +१.

क्लिकक्लिक

अहो, पक्षी कुणाच्या मालकीचे आहेत का? सगळ्यांना बघू द्या की.

माळावरची

बघा की, खुशाल बघा. पण मी एक रातथारा मोडताना बघितलाय. जागा कुणीतरी उघड केली, पुढच्या रविवारी गवताच्या कडेला सात गाड्या. पक्षी उडताना हवेत म्हणून एक जण गवतात शिरला. उतरलेले पक्षी उठले, अंधार होईपर्यंत फिरत राहिले, आणि मग गेले. कुठे गेले माहीत नाही. अंधारात उठवलेला पक्षी नव्या जागी उतरतो तेव्हा खाली कोल्हा आहे की खोकड, ते त्याला कळत नाही. दोन आठवड्यांनी त्या तुकड्यात एकही नव्हता. मीही त्या सात गाड्यांपैकी एकीत होते, म्हणून सांगतेय.

क्लिकक्लिक

ओके. मुद्दा पोचला. खूण नको.

सातबारा

मी शेतकरी आहे, पक्षीवाला नाही. आमच्या गटाला लागून असाच माळ आहे, कुसळी गवताचा. हे लांब पंखांचे पक्षी लहानपणापासून बघतोय, नाव आज कळलं. हिवाळ्यात ज्वारीवरून फिरतात, नाकतोडे उचलतात. आम्हाला त्यांचा त्रास काहीच नाही.

एक सांगतो. सातबाऱ्यावर या जमिनीला पोटखराबा म्हणतात, म्हणजे पिकाला निकामी. खराबा! मग कुणीही येतं आणि तिचं भलं करायला बघतं. एकदा खड्डे खणून झाडं लावली. गवत गेलं, झाडंही जगली नाहीत, खड्डे राहिले. गेल्या साली जानेवारीत कुणीतरी पेटवून दिलं, नवं गवत चांगलं फुटतं म्हणून. तीन दिवस जळत होतं. त्या वर्षी संध्याकाळी हे पक्षी आले, वरून दोन चकरा मारल्या आणि निघून गेले. बसणार कुठे, काळी जमीन.

झाडं तोडली तर चार लोक बोलतात. गवत गेलं तर कुणाला काही गेल्यासारखंच वाटत नाही.

निशाचर

सातबारा, हा धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद.

गव्हाणी

+१००

पोस्टमन

विषयांतर होतंय पण राहवत नाही. संध्याकाळी शिकारी पक्षी घोळक्याने झोपायला येतात म्हटलं की मला नागालँड आठवतं. दोयांग जलाशयाजवळ अमूर ससाणे हजारोंनी जमतात. २०१२ साली तिथे जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार व्हायची ते बाहेर आलं, आणि पुढच्याच वर्षी गावांनी ती बंद केली. २०१३ मध्ये तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रं लावली, त्यांची नावं नागा, पांगती आणि वोखा. ईशान्य भारतातून निघून दक्षिण भारत, मग अरबी समुद्र न थांबता पार करून आफ्रिका. पक्षी केवढा, तर पारव्याहून लहान.

उनाड_पारवा

पारव्याहून लहान हे वाचून बरं वाटलं.

अर्धवटराव

ते ससाणे समुद्रावर खातात काय?

पोस्टमन

बहुधा चतुर. चतुरही त्याच सुमारास त्याच वाऱ्यावर समुद्र ओलांडत असतात. शिदोरी बरोबरच उडते म्हणायची.

गोळीबंद

मी एका अभ्यासकाबरोबर भोवत्यांच्या सोडलेल्या रातथाऱ्यावर भर दुपारी गेलो होतो, गोळ्या गोळा करायला. पचलं नाही ते पक्षी गोळी करून ओकतो. अंगठ्याच्या पेराएवढी, राखाडी, हलकी. पाण्यात भिजवून टाचणीने सोडवली. आत नाकतोड्यांचे मागचे पाय, करवतीसारखे दाते असलेले, एकावर एक. चंडोलाची एक चोच. आणि पिसांचा भुगा. हाडं जवळपास नाहीत, कारण दिवसा शिकार करणाऱ्या या पक्ष्यांच्या पोटातलं आम्ल हाडंही विरघळवतं. घुबडाच्या गोळीत उंदराची अख्खी कवटी मिळते, तशी गंमत इथे नाही. पण एका गोळीत किती नाकतोड्यांचे पाय असतात ते मोजल्यावर सातबारांचं म्हणणं पटतं.

टिटवी

मूळ प्रश्नावर येऊ या का? पारवा, पुन्हा जाणार असाल तर: वारा तुमच्याकडून गवताकडे की गवताकडून तुमच्याकडे याची काळजी करू नका, त्यांना वासाचं फार पडलेलं नसतं. पण उभे राहू नका. गाडीतच बसा, इंजिन बंद, दिवे बंद, गवतापासून दोन-तीनशे मीटर लांब. सूर्य पाठीशी नको, समोर हवा. पश्चिमेचं आकाश शेवटपर्यंत उजळ राहतं, त्यावर आकृत्या स्पष्ट दिसतात. आणि मोजायचं असेल तर उडणारे मोजू नका, एकच पक्षी दहा वेळा मोजला जातो. उतरणारे मोजा, पुन्हा उठला की वजा करा.

खडूस

आणि सकाळीही जा.

उनाड_पारवा

आज जाऊन आलो. अहवाल देतो, लांबेल.

पावणेपाचला पोचलो. टिटवींनी सांगितल्याप्रमाणे गाडी लांब लावली. साडेपाचपर्यंत काहीच नाही. मेहुणा सारखा घड्याळ बघत होता. पावणेसहाला दूर एका दगडावर एक टोक होतं ते हललं. दुर्बिणीतून बघितलं तर शिंगं. शृंगी घुबड, केशरी डोळे, सरळ आमच्याकडे. दगडच वाटला होता इतका वेळ. तिथून ते उडालं नाही, नुसतं बसून राहिलं. मग घुमल्यासारखा खोल आवाज आला, एकदाच.

सूर्य गेल्यावर बायको म्हणाली, "निघायचं का?" आणि मी म्हणालो, "वीस मिनिटं." पाच मिनिटांनी पहिला भोवत्या आला. माळावरचीने लिहिलंय ते सगळं तसंच. पाय सोडायचे आणि पुन्हा वर. मी मोजायला घेतलं आणि अकरानंतर विसरलो, कारण एक राखी नर गाडीसमोरून इतका जवळून गेला की त्याने मान वळवून खाली बघितलेलं दिसलं. चेहरा खरंच घुबडासारखा. पिवळा डोळा. पंखावरची काळी रेघ मी बघितली, खडूसकाका, उजेड तेवढा होता.

लेकीचा आकडा २३, मेहुण्याचा १९. वजाबाकीवरून परत येईपर्यंत भांडत होते. मी वहीत दोन्ही लिहिले.

अंधार झाल्यावर दिवे न लावता, चालण्याच्या वेगाने गाडी रस्त्यापर्यंत आणली. मागे गवतात काहीच नाही असं वाटत होतं.

माळावरची

वा! माँटेग्यूचा नर पक्का. लेकीचा आकडा धरा, मुलांचे डोळे अंधारात आपल्याहून बरे असतात.

खडूस

रेघ दिसली म्हणताय तर मानलं. 'बहुतेक' काढा.

सातबारा

यंदा आमच्याकडचा माळ अजून कुणी पेटवलेला नाही. उद्या संध्याकाळी बांधावर बसून मोजतो. उतरणारे मोजायचे ना?

टिटवी

हो, उतरणारे. आणि उठला की वजा.

दोन_फुल्या

सगळं झालं, पण पॉलिथिनस इंडिकसचं काय? दिसला का?

उनाड_पारवा

त्याच बाभळीवर होता. पोचल्या पोचल्या काठीने काढून आणला, पाच मिनिटं लागली, हात काट्यांनी सोलवटले. मेहुण्याला वहीतली 'सुपर्ण' नोंद खोडायला सांगितली तर म्हणतो, चाळीस मिनिटं बघितलाय, राहू दे.